थबकलेले चित्र

कापसाचा भाव पडला नसता तर बोदवडच्या आमच्या घराला कॅमेरा लागला नसता. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तो उतरला, आणि आज ना उद्या पुन्हा चढेल या आशेवर खानदेशातल्या असंख्य शेतकऱ्यांप्रमाणे आम्हीही वेचलेला कापूस घरातच ठेवला. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली. शेत बटाईने दिलेले, मी जळगावला, पुतण्या पुण्याला कंपनीत, आणि घरात एकटी मोठी वहिनी, वय ८१. पुतण्याने पुण्याहून एक कॅमेरा मागवला, शनिवारी येऊन ओट्यावरच्या वाशाला ठोकला, रविवारी रात्रीच्या गाडीने परत गेला. त्या कॅमेऱ्याने कापूस राखला असे म्हणता येणार नाही. कापूस चोरायला कोणी आलेच नाही. भाव मात्र चढला नाही. शेवटी उन्हाळ्यात पडेल भावाने कापूस विकला आणि खोली झाडून घेतली.

कापूस गेला, कॅमेरा राहिला. पुढे कधीतरी पुतण्याने त्याचे तोंड दाराकडून ओट्याकडे आणि चौकाकडे वळवले. म्हणजे तो आता वहिनीकडे बघू लागला. हे कोणी ठरवून केले नाही. वहिनीला विचारून तर नाहीच.

मग एक रीतच पडून गेली. दिवेलागणीच्या सुमारास वहिनी तुळशीपाशी दिवा लावून ओट्यावर येऊन बसते, ते बघायला आम्ही सगळे आपापले मोबाइल उघडू लागलो. मी जळगावला चहा घेता घेता, पुतण्या पुण्यात कंपनीच्या बसमध्ये, सूनबाई स्वयंपाकघरात, आणि पुतणी न्यू जर्सीत, जिथे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. दोन मिनिटे बघायचे, 'आहे, ठीक आहे' असे मनाशी म्हणायचे आणि मोबाइल खिशात. पूर्वी याच वेळेला आम्ही तिला फोन करत असू. चित्र दिसू लागल्यावर फोन कमी झाले. दिसते आहे तर बोलायचे काय, असा तो हिशेब. हिशेबात जन्म घालवलेल्या माणसालासुद्धा तो चुकीचा वाटला नाही, हे इथेच कबूल करून टाकतो.

चित्र धड नव्हते. वहिनी उठायला लागली की अर्धी उठून थांबे आणि एकदम तुळशीपाशी प्रकट होई. कधी तिचे डोके दोन चौकोन मागे राही आणि धड पुढे जाई. आम्ही हसायचो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे पडत, म्हणून जुन्या मूकपटातली माणसे पुढे वेगवान यंत्रावर दाखवली की तुरुतुरु धावताना दिसतात. आमची वहिनी तशीसुद्धा नव्हती. ती थांबत होती. मध्येच पडद्यावर एक गोल चक्र फिरे. ते इतक्या वेळा फिरे की ते दिसायचेच बंद झाले होते.

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. पाऊस झिमझिमत होता. मी मोबाइल उघडला, वहिनी ओट्यावर बसलेली, काठी भिंतीला टेकवलेली. पुतण्याने बघितले, त्यालाही तीच दिसली. पुतणीनेही बघितले. तिघांनीही समाधानाने मोबाइल बंद केले. चित्राच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत वेळ छापलेली असते. ती सात वाजून बारा मिनिटांवर थांबली होती. प्रत्यक्षात साडेसात व्हायला आले होते. माणूस दिसत असताना घड्याळाकडे कोण बघतो?

वहिनी सात वाजून चौदा मिनिटांनी उठली होती. चौकातल्या ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला, आणि शेजारची सून विरजण मागायला येईपर्यंत ती तिथेच पडून होती. मनगट मोडले. खुब्याचे हाड वाचले, हे नशीब. रात्री भुसावळच्या दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर मी तिला म्हणालो, "अहो पण आम्ही तर बघत होतो, तुम्ही ओट्यावर बसला होतात." ती प्लास्टरकडे बघत म्हणाली, "भाऊजी, मी तं पडेल होती, अन् तुमी म्हनता मी बसेल होती."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

घरात दोन मते पडली. पुतण्याचे मत, कॅमेरा भिकार आहे, दुप्पट किमतीचा घेऊ. सूनबाईचे मत, जुनाच काढून टाकू. बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे तपासणी खात्यात काढली आहेत. तिथे एक सवय लागते: रक्कम जुळत नसेल तर आधी कॅशियरवर संशय घ्यायचा नाही, व्हाउचर जिथे जन्मले तिथून चालत यायचे. मी बोदवडला आठ दिवस मुक्काम ठोकला. कॅमेऱ्याच्या पोटात नखाएवढे मेमरी कार्ड असते, ते काढून लॅपटॉपला लावले.

त्या कार्डावर सगळे होते, आणि एका झटक्याशिवाय होते. वहिनी उठते, काठी घेते, दोन पायऱ्या उतरते, पाय सरकतो. ओढणी सावरत शेजारची सून धावत येते. पदराची एकेक चुणी दिसावी इतके ते चित्र स्वच्छ होते. मी ते एकदाच बघितले. कॅमेऱ्याने सगळे पाहिले होते. त्याला फक्त ते आम्हाला सांगता आले नव्हते.

ज्यांच्या घरी अडखळणाऱ्या चित्राचा त्रास आहे त्यांनी नवा कॅमेरा घेण्याआधी ही एवढीच परीक्षा करावी. कार्डावरचे चित्र सुरळीत असेल तर डोळा निर्दोष आहे, दोष वाटेत आहे. कार्डावरचेही अडखळत असेल तर कॅमेरा, त्याचे कार्ड किंवा त्याला वीज देणारा अडॅप्टर तपासावा. अंधारातही बरेच कॅमेरे आपणहून मंद होतात, कारण उजेड कमी असला की प्रत्येक चित्राला जास्त वेळ लागतो. शिवाय अंधारातले चित्र दाणेदार होते आणि दाणेदार चित्र पाठवायला जड. आमचा बिघाड नेमका दिवेलागणीला का वाढायचा, त्याचे एक कारण हे.

आता वाट. हे चित्र वाटेने कसे जाते हे मला ज्या मुलाने समजावले त्याने बरेच इंग्रजी शब्द वापरले. मी ते माझ्या भाषेत लावून घेतले. कॅमेरा दर वेळी संपूर्ण चित्र पाठवत नाही. तेवढे पाठवायचे म्हटले तर कोणतीही तार पुरणार नाही. तो साधारण दोन-एक सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवतो आणि मधल्या वेळात फक्त काय बदलले तेवढे कळवतो. म्हणजे आमच्या लेजरसारखेच. आरंभीची शिल्लक एकदा लिहिली की पुढे फक्त जमा आणि नावे. मधले एखादे व्हाउचर गहाळ झाले की पुढची प्रत्येक शिल्लक चुकते, आणि ती चूक पुढच्या बॅलन्सिंगपर्यंत तशीच चालत राहते. वहिनीचे डोके धडाच्या मागे राहायचे ते म्हणजे गहाळ झालेले व्हाउचर होते. आणि आरंभीची शिल्लकच पोहोचली नाही तर मोबाइल काय करतो? शेवटची शिल्लक दाखवत बसतो. कोणत्याही बँकेत एखाद्या कारकुनाने कालची शिल्लक आजची म्हणून दाखवली असती तर त्याला मेमो मिळाला असता.

आमच्या घरातला पहिला गुन्हेगार भिंत निघाली. धाब्याचे घर, पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती. उन्हाळ्यात बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत त्या भिंती आम्हाला जगवतात, तिथे वायफायच्या लहरींची काय कथा. पावसाळ्यात माती ओल धरते, तेव्हा लहरी आणखी गिळते. राउटर माजघरात, देवघराशेजारी, कारण तिथे प्लग होता. मध्ये भिंत आणि लोखंडी कपाट, आणि पलीकडे ओट्यावर कॅमेरा. राउटरवर दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचे. पाचाचा वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो; त्यामुळे अशा घरात चोवीसवालाच बरा. आम्ही मात्र लहरींचा नादच सोडला आणि दाराच्या चौकटीच्या फटीतून एक तार ओढून कॅमेऱ्याला जोडली. दीडशे रुपयांच्या आत काम झाले. निम्मे अडखळणे त्या दिवशी गेले.

उरलेले निम्मे मात्र घराबाहेर होते, आणि खरे म्हणजे हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

तेव्हा फायबरची तार आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती, आत आली नव्हती. म्हणून घरात सिमकार्डवर चालणारा राउटर होता. संध्याकाळी सात वाजता वेग मोजला. घरात येणारा वेग सेकंदाला २३ मेगाबिट. वहिनीची भजने, शेजारच्या पोरांचे क्रिकेट, सगळे त्यावर झकास चाले, म्हणून इंटरनेट उत्तम आहे अशी आमची समजूत. घरातून बाहेर जाणारा वेग मात्र १.१. आमच्या कॅमेऱ्याचे एक स्वच्छ चित्र वाहून न्यायला दोन-एक मेगाबिट लागत. आणि त्या कॅमेऱ्याची पद्धत अशी की बघणारा प्रत्येक जण स्वतंत्र चित्र ओढतो. दिवेलागणीला आम्ही चौघे बघायचो. म्हणजे आठ मेगाबिटांची मागणी, एकाचा पुरवठा. वहिनीची काळजी करणाऱ्या चौघांनी एकाच वेळी काळजी करून ती वाट तुंबवली होती. त्या संध्याकाळी एकच जण बघत असता तर कदाचित कोणाला तरी काही दिसले असते.

बोदवड स्टेशन भुसावळ-नागपूर मार्गावर आहे. १८६७ साली हा मार्ग नागपूरला पोहोचला तो प्रामुख्याने वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी. रेल्वे आली ती इथला माल बाहेर नेण्यासाठी, इंटरनेट आले ते बाहेरचा माल इथे आणण्यासाठी. पण इंग्रजांची रेल्वे निदान दुहेरी झाल्यावर अप आणि डाउन सारख्याच रुंदीची झाली. इंटरनेटची नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेवर जे ब्रॉडबँड यायचे त्या एडीएसएल या नावातले पहिले अक्षरच 'असमान' या अर्थाचे होते: येणारा रस्ता मोठा, जाणारी पायवाट. आपल्याकडच्या बऱ्याच फोरजी जाळ्यांत वेळेचे तुकडे पाडून त्यातले बहुतेक येणाऱ्या वाहतुकीला दिले जातात. शिवाय टॉवरचा आवाज खणखणीत आणि आमच्या राउटरचा आवाज आजारी माणसासारखा. टॉवरचे त्याला ऐकू येते, त्याचे टॉवरला नीट पोहोचत नाही. या रचनेला त्या काळी कारण होते. लोक बघायचे जास्त, पाठवायचे कमी. गावातल्या माणसाकडे पाठवण्यासारखे असते काय, हेही गृहीत त्यात असावे, असे माझ्या संशयी मनाला वाटते.

आता तसे नाही. म्हाताऱ्या आईबापांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा पाठवतो. तालुक्याच्या दवाखान्यातून शहरातल्या डॉक्टरला दाखवलेला रिपोर्ट पाठवावा लागतो. मुलगी घरून नोकरी करते ती दिवसभर पाठवतच असते. आणि आपल्या सरकारने ब्रॉडबँड कशाला म्हणावे? २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट, २०१३ साली ५१२ किलोबिट, जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट. वाढ चांगली आहे, पण व्याख्येत मोजला जातो तो येणारा वेग. जाणाऱ्या वेगाचा आकडाच नाही. अमेरिकेच्या आयोगाने २०१५ साली २५ आणि ३ असे दोन आकडे ठेवले होते, मार्च २०२४ मध्ये ते १०० आणि २० केले. आकडे थोडे की फार यावर वाद घालावा. पण दोन आकडे हवेत यावर वाद होऊ नये. खातेपुस्तकात फक्त जमेची बाजू छापून नावे टाकलेले लपवले तर ग्राहक काउंटरवर ओरडेल. इथे आपण ओरडत नाही, कारण दुसरी बाजू असते हेच ठाऊक नाही.

पुढे दिवाळीनंतर फायबर गल्लीत आली. पत्रक वाटणारा मुलगा ओट्यावर बसून '१०० एमबीपीएस, काका' म्हणाला. मी विचारले, "येणारा की जाणारा?" तो थोडा गोंधळला, त्याने कोणाला तरी फोन लावला, आणि फोन ठेवून प्रांजळपणे म्हणाला, "काका, आजवर कोनी इचारलंच नाही." वाचकांपैकी ज्यांच्याकडे असे मुलगे येतात त्यांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात करावी एवढीच विनंती. ट्रायच्या मायस्पीड ॲपवर दोन्ही आकडे दिसतात. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोजावेत, पहाटे नव्हे.

फायबर येईपर्यंत आम्ही जे केले तेही सांगतो. राउटर माजघरातून माडीच्या खिडकीत, टॉवरच्या दिशेला नेला; जाणारा वेग एकावरून तीनवर आला. कॅमेऱ्याला दोन चित्रे काढता येतात, एक मोठे आणि एक छोटे. मोठे त्याने घरात कार्डावर ठेवावे आणि बाहेर छोटे पाठवावे अशी मांडणी केली. छोट्याला तीनशे-चारशे किलोबिट पुरतात. सेकंदाला पंचवीसऐवजी दहा चित्रे ठेवली. वहिनीच्या पदराची चुणी आता मला जळगावात दिसत नाही, पण तिचे घड्याळ चालू असते. पुतण्याला हे मानवले नाही. एवढे पैसे देऊन घेतलेल्या कॅमेऱ्याचे अंधुक चित्र बघायचे म्हणजे त्याला मोटार घेऊन ढकलत नेल्यासारखे वाटते.

त्याला मी केंब्रिजच्या कॉफीच्या भांड्याची गोष्ट सांगितली. तिथल्या विद्यापीठातल्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. जिने चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे, हा वैताग चुकवायला. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचे, काळेपांढरे, आणि सुरुवातीला मिनिटाला जेमतेम तीन. १९९३ पासून ते जगभर दिसू लागले, २००१ साली बंद झाले, तोवर लाखो लोकांनी ते भांडे बघितले. चित्र हलत नाही अशी कोणी तक्रार केल्याचे मी वाचलेले नाही. ते वीस सेकंदांपूर्वीचे आहे हे प्रत्येकाला माहीत होते, म्हणून ते फसवत नव्हते. आमचे चित्र आरशासारखे स्वच्छ होते आणि पंधरा मिनिटे शिळे होते. बँकेत तीन महिन्यांपेक्षा जुना चेक आम्ही परत करतो, मग त्यावरची सही कितीही सुंदर असो.

हे सगळे जमल्यावर मी मोठ्या अभिमानाने वहिनीला मोबाइलवर तिचेच चित्र दाखवले. तिने चष्मा लावून बघितले आणि विचारले, "मले कोनी इचारलं का, का तुले पाहायचं म्हून?" मग जरा थांबून, "अन् दारात कोन आलं ते मले कुठी दिसते?"

मला तेव्हा काही सुचले नाही. नंतर वाचले की घराला असा कॅमेरा बसवण्याची पहिली कल्पना एका बाईचीच होती. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, न्यूयॉर्कमधली परिचारिका. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा अवेळी, घरी एकटे राहावे लागे, आणि पोलीस बोलावले तर लवकर येत नसत. तिने १९६६ साली अर्ज केला, डिसेंबर १९६९ मध्ये दोघांना पेटंट मिळाले. दाराला छिद्रे, छिद्रांमागे सरकणारा कॅमेरा, आणि खोलीत तिच्यापाशी पडदा. बाहेरच्याशी बोलायची सोय, बटण दाबून दार उघडायची सोय, आणि धोका वाटला तर इशारा द्यायचीही. म्हणजे घरातल्या बाईने बाहेर बघावे म्हणून ही वस्तू जन्मली. आम्ही ती उलटी टांगली होती.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आला तेव्हा कॅमेरा परत दाराकडे वळवला. घरातला जुना टॅब वहिनीच्या पलंगाशेजारी फळीवर ठेवला. त्यावर दार दिसते, आणि हे चित्र घरातल्या घरात फिरत असल्याने त्याला बाहेरच्या वेगाशी काही देणेघेणे नाही. ते एकदाही अडखळलेले नाही. चौकात एक कॅमेरा असावा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. पुतणी म्हणते हवाच. वहिनी म्हणते, फरशी खरखरीत करा. फरशीला टाके मारून घेतले आहेत. दुसऱ्या कॅमेऱ्याचे बघू.

संध्याकाळी सातला आता फोन करतो, आणि चौघांनी वार वाटून घेतले आहेत. माझे सोमवार आणि गुरुवार. परवाच्या गुरुवारी मी बोलायच्या आतच ती सांगू लागली: दुपारी गॅसवाला येऊन गेला, तिने टॅबवर त्याला बघून घेतले तेव्हाच कडी काढली, वायरमन आला होता तो खरा वायरमन नसावा असे तिला वाटते, त्याच्या पायात चपला होत्या, आणि पाटलांची गाय आपल्या ओट्यावरची तूर खाऊन गेली, ती मात्र दिसली तोवर गेलेली होती.